ट्रकची खोली

टक्!

उलथण्याच्या टोकाने रंगाच्या डबीचं झाकण उचकटलं, आणि ते उडून थेट मोरीच्या उंबऱ्यावर जाऊन आपटलं. दुपारचे अडीच वाजलेले. शेजारच्या रखमाआत्याच्या कोंबड्यासुद्धा सावली धरून गप्प बसलेल्या. अशा शांततेत हा आवाज पार सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडापर्यंत गेला असणार, असं सोनालीला वाटलं. तिने श्वास धरला आणि गोधडीकडे पाहिलं.

गोधडीतून एक डोळा उघडला.

"आई, काय पडलं?"

"काय नाय. झोप तू."

"मग तू का नाय झोपत?"

"झोपलेच हाय मी. बघ, डोळे मिटलेत," म्हणत सोनालीने घट्ट डोळे मिटून घेतले. पाच वर्षांच्या सेजलने जरा वेळ आईची झोप तपासली, मग तिला ती खरी वाटली असावी. पोरीचा श्वास पुन्हा संथ लागला.

सेजल दुपारी दीड तास झोपायची. दिवसातला तेवढाच दीड तास सोनालीचा स्वतःचा. त्यात ती एरवी तांदूळ निवडायची, उसवलेलं शिवायची, नाहीतर नुसतीच भिंतीला टेकून बसायची. नवरा अनिल भिवंडीच्या गोदामात कामाला, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. पण आज तिने सांडगे वाळत घालायची जुनी परात पालथी घातली होती, आणि तिच्या पाठीवर ती कमळ काढणार होती. लाल आणि पांढऱ्या ऑइल पेंटच्या डब्या आणि लांब केसांचा बारीक ब्रश तिने ट्रंकेच्या तळातून काढले होते. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, तिने ब्रश हातात धरला नव्हता.

पहिली पाकळी जरा बिचकत उतरली. दुसरी बरी. तिसरीला मनगट आपोआप वळलं. चौथ्या पाकळीच्या कडेला तिने पांढऱ्याची शेड मारली आणि स्वतःशीच हसली. हात विसरला नव्हता.

विसरेल कसा? महाडच्या हायवेला ज्यांनी ज्यांनी म्हणून ट्रक रंगवून घेतले, ते सगळे चांगू पेंटरला ओळखत. सोनाली त्यांची एकुलती एक मुलगी. गॅरेजच्या पत्र्याखाली बाबा ट्रकच्या कपाळावर, म्हणजे काचेच्या वरच्या फळीवर, मोर काढायचे आणि ती खाली बसून मागच्या फाळक्यावरची किनार भरायची. बारा वर्षांची झाली तेव्हा तिची लहर, ती नागमोडी पट्टी, बाबांपेक्षा सुबक यायला लागली होती. ड्रायव्हर म्हणायचे, "चांगू, पोरगी तुझं पोट मारणार." बाबा म्हणायचे, "मारू दे की. तेवढीच मला झोप मिळेल."

आता सांगायचं म्हणजे, हे कमळ काही उगाच नव्हतं.

सवला, सावित्रीच्या काठी, जलीलचाचांचं मोठं घर होतं. पंचवीस वर्षं कुवेतला राहून त्यांनी ते बांधलं. खाली संगमरवर, खिडक्यांना निळ्या काचा, वर चार मोठ्या खोल्या. पण घर पुरं झालं तेव्हा मुलगा अरफात कॅनडाला निघून गेला होता. चाचा आणि नुरजहाँचाची खालच्या दोन खोल्यांत राहायचे आणि वरच्या खोल्यांत कबुतरं. शेवटी धाकटी मुलगी अम्बरीन पुण्याहून चित्रकलेचं शिक्षण संपवून आली आणि म्हणाली, "अब्बा, घर असं ठेवलंत तर ते कबुतरांच्या नावावर होईल."

तिने तिथे 'मुक्काम' सुरू केलं. शहरातली माणसं सुट्टीला येणार, तीन दिवस राहणार, सकाळी कुंडावर आंघोळ, दिवसभर माती मळा, कागद कापा, धागे विणा, आणि रात्री ज्या खोलीत झोपायचं ती खोलीही एकेका कलेची. पहिली कागदाची. तिच्या छताला शंभर कागदी पक्षी टांगले होते. पाऊस लागला तसे ते सगळे मान टाकून लोंबायला लागले, तर पाहुणे म्हणाले, वा, काय कल्पना आहे. दुसरी मातीची. तिच्या लाल भिंतीला जो टेकला त्याचा सदरा लाल झाला. तिसरी धाग्याची, भिंतीवर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या लावलेल्या. डिसेंबरात एक बाई थंडी वाजली म्हणून अख्खी भिंत काढून अंगावर घेऊन झोपली.

चौथी खोली बंदच होती. ती अरफातची, तो येईल तेव्हासाठी राखलेली. चाचांनी तिच्या खिडक्या एसीचा गारवा पळू नये म्हणून कडेने चिकटवून टाकल्या होत्या, आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात.

सोनाली सकाळी 'मुक्काम'ला जाऊन भाकऱ्या करायची आणि चादरी बदलायची. तिच्या कानावर सगळं यायचं. शनिवारी पुण्याहून आठ निवृत्त शिक्षिका येणार होत्या, चारही खोल्या हव्या होत्या. अम्बरीनने महिनाभर मागे लागून अब्बांकडून चौथ्या खोलीला होकार मिळवला. खोली करायला पुण्याची एक मैत्रीण यायची होती. तिचा रविवारी फोन आला.

"तिला दिवस गेलेत," अम्बरीन ओट्याशी येऊन धपकन बसली. "रंगाची डबी उघडली की उलटी होते म्हणे. आता मी काय करू, सोनाली?"

सोनालीने तेव्हा नुसतं "पेढे मागा तिच्याकडनं" म्हटलं होतं. पण घरी जाताना तिच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या.

सोमवारी सकाळी ती परात पदराखाली झाकून घेऊन गेली. ओट्यावर ठेवली आणि भाकरीचं पीठ मळायला लागली, जणू परात स्वतःच्या पायाने आली होती.

अम्बरीन पाहतच राहिली. "हे कुणी काढलं?"

"मी. ट्रकवर काढतात तसं." सोनालीने मान वर केली नाही. "चौथी खोली ट्रकची करूया का, अम्बरीनताई? ही पण कलाच हाय की. आपल्या हायवेची. आणि परात परत द्या, सांडग्यांची हाय."

अम्बरीनने तिला पिठासकट मिठी मारली.

जलीलचाचा मात्र वर्तमानपत्राच्या वरून बघत म्हणाले, "ट्रक? मला ट्रकमधून उतरून तीस वर्षं झाली. आता तुम्ही पोरी ट्रक घरात चढवणार? तेही माझ्या अरफातच्या खोलीत?"

"अब्बा, खोली द्यायचं कबूल केलंय तुम्ही."

"झोपायला दिलीय, गॅरेज करायला नाय." मग त्यांनी सोनालीकडे पाहिलं. ती दारात पिठाच्या हातांनी उभी होती. चाचांचा आवाज जरा उतरला. "चांगूची पोर ना तू? बरं. शुक्रवारी नमाज पढून आलो की मी खोली बघणार. माणूस सुखाने झोपेल अशी असली तर राहील. नाय तर पांढरा रंग आणून ठेवतो, शनिवारच्या आत भिंती पांढऱ्या करायच्या. कबूल?"

"कबूल," सोनाली म्हणाली.

चार दिवस. त्यातही भाकऱ्या, चादरी आणि सेजल. पण कुणी मनापासून ठरवलं की वेळेलासुद्धा लाज वाटते, ती जरा सरकून बसते. नुरजहाँचाचींनी सेजलला खाली आपल्याकडे ठेवून घेतलं, पण ती दर दहा मिनिटांनी जिना चढून वर यायचीच. अम्बरीनने भाकऱ्या अंगावर घेतल्या. त्या चार दिवसांत 'मुक्काम'मध्ये कुणी भाकरीबद्दल काही बोललं नाही, यातच त्या घरची माणुसकी दिसते.

मंगळवारी सोनाली महाडहून बाबांना रिक्षात घालून घेऊन आली. चांगू पेंटर आता बासष्टचे. उजवा हात दोन वर्षांपासून थरथरायचा, चहासुद्धा बशीत सांडायचा. त्यांना खोलीच्या मधोमध खुर्ची दिली.

"दोरी मार आधी," त्यांनी बसल्या बसल्या हुकूम सोडला. "डोळ्यावर विश्वास ठेवू नको. डोळा सासरचा असतो, दोरी माहेरची."

खडूत माखलेली दोरी भिंतीला ताणून सोनालीने सोडली. फट्! भिंतीवर सरळ पांढरी रेघ उमटली. सेजल टाळ्या पिटायला लागली. "अजून एकदा, आई! अजून!"

मग भिंती भरत गेल्या. पलंगामागची भिंत म्हणजे ट्रकचं कपाळ. तिच्यावर समोरासमोर दोन मोर. डाव्या भिंतीवर डोंगर, डोंगरांतून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीत एक होडी. खरी सावित्री खिडकीबाहेर होती, पण ट्रकवरची नदी नेहमी जास्त निळी असते. उजव्या भिंतीला पिवळी-लाल लहर. कपाटावर 'कृपया अंतर ठेवा'. गरम पाण्याच्या टाकीवर 'डिझेल'. बाथरूमच्या दारावर आतल्या बाजूने, कडी जिथे लागते तिथेच, 'हॉर्न ओके प्लीज'. हे वाचून अम्बरीन हसून हसून जिन्यावर बसली.

"कपाळावर नावं?" सोनालीने विचारलं.

"काढायचीच. नावाशिवाय गाडी म्हणजे मुंडावळ्यांशिवाय नवरा," चांगू म्हणाले. "मालकाचं नाव कागदावर असतं, पोरांचं कपाळावर. जलीलभाईच्या गाडीवर मीच काढलं होतं. अरफात. तेव्हा तो दोन वर्षांचा असेल. ही अम्बरीन जन्मलीच नव्हती."

"म्हणजे माझं नाव कधीच नव्हतं," अम्बरीन दारातून ओरडली. "लहानपणापासून ऐकतेय, अरफातची गाडी, अरफातची गाडी! मी आले आणि गाडी विकली."

"मग आता दोघांचं काढते," सोनाली म्हणाली.

पिवळ्या अक्षरांना लाल सावली देताना तिला तिची स्वतःची आठवण आली. सात वर्षांची असताना एकदा तिने बाबांना विचारलं होतं, "बाबा, तू सगळ्यांच्या पोरांची नावं काढतोस. माझं कुठं काढलंस?" बाबांनी कधी ट्रक घेतला नाही. सायकल होती, तिच्यावर रंगाच्या डब्या अडकवायचे. पण तेव्हा ते क्षणभरही न थांबता म्हणाले होते, "काढलंय की. एका गाडीवर. मोठं, कपाळभर."

"मग ती कुठाय?"

"लांब गेलीय. गुजरातला. येईल."

त्या दिवसापासून सोनालीने हायवेवरच्या एकाही ट्रकचं कपाळ वाचल्याशिवाय सोडलं नाही. शाळेत जाता-येता, एसटीच्या खिडकीतून, आणि आता अनिलच्या मोटरसायकलवर मागे बसूनसुद्धा. पूजा, प्रियांका, साई, आयेशा, गुरप्रीत. हजारो नावं वाचली. मोठी झाल्यावर एकदा बाबांना खरं काय ते विचारावं असं मनात आलं होतं, पण तेव्हा बाबा जेवत होते. मग राहिलं ते राहिलंच.

गुरुवारी संध्याकाळी तिने मोरांचे डोळे काढले. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, नाहीतर मोर स्वतःचं अर्धवट अंग बघतो, असं बाबा म्हणायचे. दार ओढून घेतलं. धुळीचा एक कण बसू नये म्हणून फटीलासुद्धा ओली पोती लावली, गॅरेजला लावायचे तशी. घरी गेली आणि सेजलच्या आधी झोपली.

शुक्रवारी सकाळी अम्बरीनने दार उघडलं आणि तशीच मागे आली, ओढणी नाकाला लावून.

"सोनाली! अगं, आत उभं राहवत नाहीये!"

सोनाली धावत वर गेली. वासाची भिंतच समोर आली. डोळ्यांतून पाणी आलं. बोट लावून पाहिलं तर रंग अजून चिकट, बोटाचा ठसा सूर्यावर उमटला. तीन हात ऑइल पेंट, खिडक्या चिकटवलेल्या, वर दाराच्या फटीला ओली पोती. रंग सुकणार तरी कसा?

दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या चांगूंना कळेचना. "असं कसं? आपला रंग तर कशेडी घाट उतरेपर्यंत खडखडीत सुकतो. आज रंगवली, उद्या माल भरून गाडी रस्त्याला लागली की वाऱ्याने..."

"बाबा," सोनाली म्हणाली, "ती गाडी असते. ही खोली हाय. ही धावत नाय!"

मग चांगूंनी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं त्यांनी रंगवलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या दिवशी निघून जायची. एका जागी थांबणारी वस्तू बापलेकींनी आयुष्यात पहिल्यांदाच रंगवली होती.

अम्बरीनला हसू फुटलं, सोनालीलाही फुटलं, आणि हसता हसता कधी रडू आलं ते तिचं तिलाच समजलं नाही. ती पायरीवर बसली. आता चाचा येणार. माणूस सुखाने झोपेल अशी असली तर. इथे माणूस उभासुद्धा राहू शकत नव्हता. उद्या या वेळेला मोर नाही, सूर्य नाही, नुसती पांढरी भिंत. आणि परवापासून पुन्हा भाकऱ्या. भाकऱ्यांबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण चार दिवस लोकांनी तिला 'पेंटर' म्हणून हाक मारली होती. गंमतीने का होईना.

"आई, रडू नको," सेजल तिचा पदर ओढत म्हणाली. "मी फुंकर मारते भिंतीला." आणि खरंच गाल फुगवून फुंकरायला लागली.

दीडच्या सुमारास जलीलचाचा आले. टोपी अजून डोक्यावर, एका हातात पांढऱ्या रंगाची बादली. खोलीच्या उंबऱ्यावर थबकले. नाक आक्रसलं. सोनाली मान खाली घालून उभी राहिली.

चाचांनी बादली खाली ठेवली. रुमाल काढून नाकाला लावला आणि आत गेले. नदी पाहिली. कपाट वाचलं. मग पलंगामागच्या भिंतीसमोर उभे राहिले, मोरांच्या मधे, जिथे पिवळ्या अक्षरांत 'अरफात' आणि त्याच्या शेजारी, अगदी तेवढ्याच मापाचं, 'अम्बरीन' असं लिहिलं होतं. बराच वेळ उभे राहिले. सोनालीला वाटलं, वासाने घेरी येईल म्हाताऱ्याला.

"चांगू," ते पाठमोरेच म्हणाले.

"बोला, भाई," मागोमाग आत आलेले चांगू म्हणाले.

"माझ्या गाडीवर डावा मोर जरा जाडा होता."

"ओला होता तो. तुम्ही सुकू दिला कुठं? आंब्याच्या पेट्या भरून त्याच रात्री गाडी काढलीत."

"आणि वाशीला पोचेपर्यंत मोरावर धुरळा बसला हा एवढा. व्यापारी म्हणाला, जलीलभाई, मोर हाय का कोंबडा?"

दोघे म्हातारे हसले. चांगू खोकायला लागले, चाचांनी त्यांना बाहेर आणून बसवलं. मग स्वतः जिन्याच्या कठड्यावरून खाली ओरडले, "नुरजहाँ! कांदे काप!"

"किती?" खालून आवाज आला.

"असतील तेवढे! अम्बरीन, मांडववाल्याला फोन लाव. लग्नात लावतात ते उभे पंखे, सहा आण म्हणावं, आत्ता. सोनाली, उभी काय राहिलीस? पकड आण!"

"पकड?"

"खिडक्या काढायच्या. गाडी धावत नाय म्हणता ना? मग आपण वारा धाववू."

चिकटवलेल्या निळ्या काचा जलीलचाचांनी आपल्या हातांनी चौकटीसकट उतरवल्या. चार वर्षांपूर्वी त्याच हातांनी त्या चिकटवल्या होत्या. खोलीत पहिल्यांदा नदीकडचा वारा आला. मांडववाला चंदू टेम्पोतून पंखे घेऊन आला आणि "लग्न कुणाचं?" विचारत राहिला. तीन पंखे एका खिडकीशी, तीन समोरच्या दाराशी. वास ओढून घ्यायला कोपऱ्याकोपऱ्यांत कापलेल्या कांद्यांच्या थाळ्या आणि पाण्याच्या बादल्या. सहाही पंखे एकदम सुरू झाले तेव्हा अम्बरीनची ओढणी उडून जिन्यावर गेली.

"सुटली रे गाडी!" चाचा ओरडले.

सेजलने खालून एक थाळी आणली. पलंगावर मांडी घालून बसली आणि थाळीचं स्टेअरिंग फिरवायला लागली. "पीं पीं!"

"कुठे न्यायची गाडी, ड्रायव्हरसाहेब?" चाचा दाराच्या चौकटीला क्लिनरसारखे एका हाताने लटकले. साठी उलटलेला माणूस, डोक्यावर टोपी, आणि लटकला बघा.

"मामाच्या गावाला!"

"मामाला विचारून घे, जेवण हाय का? चला, पोलादपूर आलं! उतरणारे उतरा! कशेडी! ब्रेक बघा, ड्रायव्हर, ब्रेक!"

"ब्रेक कुठाय?"

"तुझ्या आजाच्या पायाखाली!"

चांगूंनी खुर्चीत बसल्या बसल्या जोरात पाय आपटला. खाली नुरजहाँचाची चौतिसावा कांदा कापत डोळे पुसत होत्या आणि वर बघून म्हणत होत्या, "या अल्ला, पाहुणे येणार उद्या, आणि वेड लागलंय आज."

संध्याकाळी गाडी चिपळूण ओलांडून गेली तेव्हा रंग बोटाला लागेनासा झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, सेजलच्या हिशोबाने गोव्याच्या पलीकडे, वास निम्म्यावर आला. निम्म्यावरच. पूर्ण गेला असता तर ती गोष्ट झाली असती, खरं नव्हे.

पाहुण्या तीन वाजता उतरल्या. चौथी खोली उज्वलाबाई नावाच्या उंच, खणखणीत आवाजाच्या बाईंच्या आणि त्यांच्या मैत्रिणीच्या वाट्याला आली. त्यांनी उंबऱ्यावरच वास घेतला. सोनालीने जिन्याकडे पाहिलं. पांढरी बादली अजून जिन्याखालीच होती.

"रंग ताजा दिसतोय," बाई म्हणाल्या.

"ताजा नाय, बाई, प्रवासातला हाय," जलीलचाचा पुढे झाले. "आणि ट्रकचा रिवाज तुम्हाला सांगतो. पहिला मुक्काम केबिनमध्ये करायचा नसतो, टपावर करायचा. वर गच्चीत खाटा टाकल्यात. गोधड्या त्या तिसऱ्या खोलीच्या भिंतीवरच्या. सकाळी सूर्य आधी तुमच्या अंगावर येईल, मग रायगडावर."

असा काही रिवाज असतो की नाही, कोण जाणे. चांगू पेंटरांनी मात्र गंभीरपणे मान हलवली. उज्वलाबाईंनी खोलीकडे पाहिलं, बाथरूमच्या दाराआडून 'हॉर्न ओके प्लीज' वाचलं, आणि त्यांच्या तोंडून शाळेत शिपायानेही कधी ऐकलं नसेल असं हसू फुटलं. त्या रात्री गच्चीवर झोपायला आठहीजणी गेल्या. खाली चारही खोल्या रिकाम्या.

रविवारी सकाळी कुंडावरून न्हाऊन आल्या तेव्हा त्यांचे चेहरे पोरींसारखे झाले होते. उज्वलाबाईंनी चौथ्या खोलीच्या प्रत्येक भिंतीचा फोटो काढला आणि विचारलं, "पेंटर कोण?"

अम्बरीनने सोनालीला ओट्यापासून हाताला धरून ओढत आणलं. "ही. आणि पुढच्या महिन्यात कागदाची खोलीही हीच करणार आहे. पक्ष्यांनी फार मान टाकलीय."

सोनालीला हे नवीनच होतं. तिने हाताचं पीठ पदराला पुसलं.

जलीलचाचांनी सदऱ्याच्या खिशातून चौथ्या खोलीची किल्ली काढली. जिन्याजवळच्या पाटीवर तीन खिळ्यांना तीन किल्ल्या लटकत होत्या. चौथा खिळा चाचांनी स्वतः ठोकला आणि किल्ली अडकवली. मग मोबाइल काढून सगळ्यांना अरफातचा आवाज ऐकवला. चित्रांचे फोटो बघून त्याने रात्रीच पाठवलेला. "अब्बा, मी आलो की टपावरच झोपणार. आणि अम्बरीनचं नाव माझ्याएवढं मोठं का?"

"कारण पेंटर माझ्या ओळखीची आहे!" अम्बरीन फोनमध्ये ओरडली.

पांढऱ्या रंगाची बादली चाचांनी कबुतरांच्या खुराड्याला मारायला दिली.

दुपार झाली. पाहुण्या माती मळायला खाली गेल्या. वर खोलीत चांगू खिडकीशी बसून ब्रश टर्पेंटाइनमध्ये धूत होते. हात थरथरत होता तरी हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. सोनाली चादर बदलत होती. आज सेजलने झोपायचं साफ नाकारलं होतं. ती पलंगावर उभी राहून कपाळावरची अक्षरं बोटाने चाचपडत होती. अंगणवाडीत नुकतीच बाराखडी झाली होती.

"अ, र, फा, त. हे चाचांच्या पोराचं. हे ताईचं. आजा, तू लय जणांची नावं काढलीस ना?"

"लय. मोजली नाय."

"मग माझ्या आईचं नाव कुठल्या गाडीवर काढलंस?"

सोनालीच्या हातातली चादर अर्धवट खोचलेली राहिली.

चांगूंनी ब्रश पाण्यातून काढावा तसा टर्पेंटाइनमधून काढला, झटकला. "काढलंय की. एका गाडीवर. कपाळभर."

"कुठाय ती?"

"लांब गेलीय." ते खिडकीबाहेर बघत होते. "गुजरातला. येईल."

सेजलला ते पटलंसं दिसलं. तिने मान डोलावली. मग पलंगावरून उतरून ती आईजवळ आली, आईचा चेहरा दोन्ही हातांनी स्वतःकडे वळवून घेतला. आजाला ऐकू जाऊ नये म्हणून तिने आवाज बारीक केला, पण खोली शांत होती, आणि खिडकीपाशी ब्रश धुवायचा आवाजही थांबला होता.

"आई, ती गाडी खरंच हाय का गो?"